भिंतीवरचं चौथं पान

आमची शाळा एका बंद पडलेल्या मंगल कार्यालयात भरते. अमरावतीहून भातकुलीकडे निघालं की वस्ती विरळ होते, तिथे उजव्या हाताला. मालकाने पुढे मोठं लॉन काढलं, हे रिकामं पडलं आणि आम्हाला मिळालं. दारांवरच्या पाट्या आम्ही काढल्या नाहीत, त्यामुळे मोठी मुलं 'वरपक्ष' लिहिलेल्या खोलीत शिकतात आणि लहान मुलं 'वधूपक्ष' लिहिलेल्या. विज्ञानाचे प्रयोग भटारखान्यात. हॉलच्या स्टेजवर नवरदेवाची लाल मखमली खुर्ची अजून आहे. तिचा एक हात मोडलेला आहे, म्हणून तिच्यावर बसणारा माणूस आपोआप एका बाजूला झुकतो. या खुर्चीचं आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे मला तिच्यावर बसायचं आहे.

शिकवणारे आम्ही चौघं. शाळा काढली त्या मोठ्या बाई. विज्ञानाच्या ताई. भूमिती आणि शिवण शिकवणारे मास्तर. आणि गणिताचा मी. मला मुलं दादा म्हणतात. माझी मुलगी याच शाळेत, मोठ्या गटात आहे. तिला मी शाळेत दादा आणि घरी बाबा. फाटक ओलांडलं की ती अचूक बदल करते. मी मात्र वर्गातही तिला घरच्या लाडाच्या नावाने हाक मारतो आणि बोलणी खातो.

मोठ्या बाईंचं म्हणणं असं की मुलांना पडताळा घ्यायला शिकवायचं तर सुरुवात आपल्यापासून करावी. म्हणून तीन वर्षांपूर्वी त्यांनी एक प्रथा पाडली. दिवाळीच्या आधी मोठ्या गटातली मुलं एका शिक्षकाचा शोध घेतात. हा माणूस कुठला, इथे येण्याआधी काय करत होता, त्याला नाद कशाचा, हे आधी त्यालाच विचारायचं आणि मग त्याच्या जुन्या गावी जाऊन तपासायचं. दोन तोंडांनी सांगितल्याशिवाय पानावर एक ओळ लिहायची नाही. बाहेरचं एकच तोंड मिळालं तर दुसरं तोंड त्या शिक्षकाचं. शनिवारच्या सभेत पान वाचून दाखवतात, शिक्षक लाल खुर्चीवर गप्प बसतो आणि प्रत्येक ओळीला 'बरोबर' किंवा 'चूक' एवढंच म्हणतो. मग ते पान दाराशी भिंतीवर लागतं. बाकीच्या शाळांत त्या जागी पदव्या टांगलेल्या असतात.

पहिल्या वर्षी बाईंनी स्वतःचं पान करून घेतलं. मुलं पातूरला, त्यांच्या माहेरी गेली. बहिणीने सांगितलं की ही लहानपणी घरातलं प्रत्येक घड्याळ उघडायची आणि परत बंद करणं काही हिला जमायचं नाही. आता अर्ध्या शाळेची घड्याळं बाईच दुरुस्त करतात. एवढ्यावर थांबली असती तर ती आमची मुलं कसली. बाई पूर्वी ज्या शाळेत शिकवायच्या तिथला एक जुना विद्यार्थी त्यांनी शोधून काढला. तो आता पानठेला चालवतो. त्याने बोट दाखवलं. बाईंनी पट्टीने मारलं होतं, ते बोट अजून वाकडंच होतं. सभेत ही ओळ वाचली तेव्हा बाई खुर्चीवर ताठ बसल्या होत्या, आणि त्या खुर्चीवर ताठ बसणं सोपं नाही. म्हणाल्या, "बरोबर." ते पान त्या ओळीसकट अजून भिंतीवर आहे. प्रवेशाला आलेले काही पालक ते वाचून तिथूनच परत जातात. बाई म्हणतात, जाऊ द्या.

दुसऱ्या वर्षी ताई. त्या परतवाड्याच्या, घरची भाजीची शेती. कॉलेजात असताना सुट्टीत बाजारात दुकान लावून बसायच्या. मुलांना कळलं की किडकी फुलकोबी खपवायला त्या गिऱ्हाइकाला सांगत, "अळी हाय मावशी, म्हंजे औषध नाई मारलं." औषध मारलेलं असायचं, अळीच ऐकत नव्हती. तिथूनच त्यांना किड्यांचा नाद लागला. आजही त्यांच्या पर्समध्ये काडेपेटी असते आणि काडेपेटीत काड्या नसतात. ताई ओढणीत तोंड लपवून 'बरोबर' म्हणाल्या.

तिसऱ्या वर्षी मास्तर. अकोल्याचे, घरात तीन पिढ्यांचं शिवणकाम, दहावीनंतर शाळा सुटलेली. पण ते कापडावर खडूने रेघ ओढतात तेव्हा मुलांना वर्तुळाचा परीघ जसा समजतो तसा माझ्या फळ्यावरून कधी समजला नाही. त्यांना नाद रेल्वेच्या वेळापत्रकाचा. अकोल्याहून कुठली गाडी कुठे किती वाजता पोचते ते तोंडपाठ, स्वतः मात्र बसने फिरतात. त्यांच्या थोरल्या भावाने मुलांना सांगितलं की याने शिवलेल्या पहिल्या शेरवानीच्या दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या होत्या आणि दूल्ह्याने अख्खा निकाह शाल पांघरून काढला. मे महिन्यात. मास्तर म्हणाले, "बरोबर. तो अजून मले भेटला का डावाच हात मिळवते."

तिन्ही वेळी सगळ्यात मोठ्याने मी हसलो. आणि हसता हसता मनात मोजत होतो. शिक्षक चार, पानं झाली तीन.

माझी गोष्ट शाळेत, घरात आणि सासरच्या सगळ्या लग्नांत प्रसिद्ध आहे. पंगत उठली की कोणीतरी म्हणतंच, जावईबापू, ते खडूचं सांगा. मग मी सांगतो, आणि बायको स्वतः पाहिल्यासारखी 'अस्संच झालं' म्हणते. बावीस वर्षांपूर्वी मी अकोल्याच्या एका मोठ्या शिकवणी वर्गात गणित शिकवायचो. वर्गाच्या मालकांना सगळे मोठे सर म्हणत. ते एक दिवस म्हणाले, कच्ची मुलं काढून टाका, निकाल खराब होतो. मी हातातला खडू त्यांच्या टेबलावर उभा ठेवला, म्हटलं, "मग पहिला कच्चा मीच," आणि जिना उतरलो. खडू उभा ठेवायचा भाग मी पाच-सहा वर्षांनी घातला. लोकांना तो फार आवडतो. सहा वर्षांपूर्वी मोठ्या बाईंनी मुलाखतीत विचारलं, अकोल्याचं काम का सोडलं, तेव्हाही मी हेच सांगितलं. त्यांना ते इतकं पटलं की दुसरा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही.

खरं काय होतं ते आता सांगतो. मी तिथे नऊ दिवस शिकवलं. नवव्या दिवशी दीडशे मुलांसमोर एक लांबलचक गणित सोडवत होतो आणि मध्येच सात आठे लागले. सात आठे किती, ते मला आठवेना. मी फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो. मागून कोणीतरी फार आदराने म्हणालं, "छप्पन, सर." वर्ग हसला. मी छप्पन लिहिलं, पुढची ओळ लिहायला गेलो तर तीही डोक्यातून गेलेली. खडू खिशात घातला, पाणी पिऊन येतो म्हणालो आणि जिना उतरलो तो थेट भाड्याच्या खोलीवर. मोठे सर मला न्यायला दोनदा खोलीवर आले. मी आतून कडी लावून श्वास धरून बसलो होतो. त्यांनी कोणालाही काढा म्हटलं नव्हतं. उलट कच्च्या मुलांना ते रविवारी स्वतः घेऊन बसायचे. आणि खडू पँटसोबत धुतला गेला.

यंदा माझी पाळी आली. शोध घेणाऱ्या पाच जणांत माझी मुलगी होती, आणि वही तिच्याकडे होती. एका संध्याकाळी ती वही जेवणाच्या टेबलावर उघडी दिसली. पहिलाच प्रश्न मोठ्या सरांसाठी होता. तुम्ही कच्च्या मुलांना काढून टाकायला का सांगितलं? खाली दोन रेघा.

"ते अजून हायेत, बाबा," ती म्हणाली. "मास्तरनं पत्ता काढला. आमी येत्या गुरुवारी जाऊन राह्यलो. मी त्याईले तोंडावर विचारणार हाय."

मी म्हटलं, म्हातारा माणूस असन, कायले विचारतं.

"तुमीच तं म्हनता, सवाल विचाराले भ्यायचं नाई."

हे मी म्हणतो. दर सोमवारी म्हणतो. तोपर्यंत मला वाटत होतं की उघडं पडलो तर माझी फजिती होईल, नोकरीही जाईल, पण ते माझ्यापुरतं. आता तेरा वर्षांची माझी पोरगी एका निर्दोष म्हाताऱ्याच्या घरी जाऊन, त्याच्या पुढ्यात बसून, त्याने कधी न केलेल्या गोष्टीचा जाब विचारणार होती. माझ्या भरवशावर. तिला तिथेच थांबवायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हटलं, वरणात मीठ कमी आहे.

मंगळवारी मी दाढ दुखते म्हणून शाळेत सुट्टी सांगितली आणि अकोल्याची बस धरली. बडनेऱ्यापर्यंत ठरवलं की सरांचे पाय धरायचे. मूर्तिजापूरला ठरलं की पाय नको, नुसतं बोलायचं. बोरगाव मंजू येईपर्यंत बोलण्यातलं पहिलं वाक्यही ठरलं नव्हतं.

वर्ग कधीच बंद झालेला. खाली मोबाइलचं दुकान आलेलं, पण समोरचं झेरॉक्सचं दुकान तसंच होतं आणि त्यात चाचाही तेच. पूर्वी आमच्या प्रश्नपत्रिका तेच छापून देत. दाढी पांढरी झाली होती. मला त्यांनी चष्मा वर करून पाहिलं.

"छप्पनवाले मास्तर?"

बावीस वर्षांनी कोणी ओळखलं की माणसाला आनंद होतो असं म्हणतात. मी स्टुलावर बसलो आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. खडू उभा ठेवण्यासकट. ते कागदांचा गठ्ठा टेबलावर ठोकून सारखा करत होते. माझं संपलं तरी ठोकत राहिले.

"म्हंजे बावीस सालांपासून तुमी सरले बदनाम करून राह्यले," ते म्हणाले. "वो आदमी दो बार तुमारी खोली पे आया. रस्ता मीच दाखवला. तुमी आत होते. चप्पल बाहेर दिसत होती."

मी विचारलं, सरांनाही दिसली होती का. चाचा गठ्ठ्याला रबर लावू लागले. मग मी ज्यासाठी आलो होतो ते कसंबसं बोललो. गुरुवारी मुलं येतील, तुम्हालाही विचारतील, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

"झूठ मी बोलत नाई. कोनी विचारलं नाई, तं सांगतही नाई." त्यांनी समोर बोट केलं. "सर वरच राहतात. जिना वोच हाय. जा."

जिना तोच होता. कठडा नवा होता, पण पायऱ्यांची झीज ओळखीची. मी मधल्या वळणापर्यंत गेलो. वरून कुकरची शिट्टी ऐकू आली, मग खोकला, मग सपाता घासत कोणीतरी दाराकडे येतंय असा आवाज. कदाचित ते दुधाची पिशवी घ्यायला येत असतील. मी खाली आलो. या जिन्यावरून पळायचा आता मला सराव झाला आहे.

घरी बायकोने दाढेत धरायला लवंग दिली. ती रात्रीच्या जेवणापर्यंत मी न दुखणाऱ्या दाढेत धरून बसलो. मुलगी म्हणाली, बाबा, तुमचा गाल तं सुजला नाई. मी म्हटलं, आतून सुजला.

गुरुवारी मुलं मास्तरांबरोबर सकाळच्या बसने गेली. माझ्याकडे दिवसभर 'वधूपक्ष' होता, म्हणजे लहान गट. त्या दिवशी त्यांचा सातचा पाढा होता. मी तो आठवड्यापूर्वी ठरवलेला, दोष कोणाला देणार. पोरं हातावर ताल धरून म्हणत होती आणि सात सातेपर्यंत आली की मी खिडकीकडे वळायचो. एकीने विचारलं, दादा, तुमी खिडकीतून काय पाहून राह्यले. खिडकीतून रस्ता दिसतो. बस दिसत नाही, हे मला माहीत होतं. तरी पाहत होतो. दुपारी ताईंनी डब्यातला गिला वडा पुढे केला. तो माझा जीव की प्राण. दह्यात चमचा बुडवून मी तसाच बसून राहिलो, तेव्हा त्यांनी विचारलं, दाढ अजून दुखते का.

संध्याकाळी ते परत आले. सभेआधी शोधाचं बोलायचं नाही, म्हणून मुलं नियमाप्रमाणे गप्प. मुलगी वही छातीशी धरून माझ्या समोरून गेली, मान वर केली नाही. मास्तर हातपाय धुवायला नळावर गेले, मी मागून गेलो. झेरॉक्सवाले भेटले का, असं मी सहज विचारल्यासारखं विचारलं. मास्तर म्हणाले, दुकान बंद होतं, शटरवर कागद होता, शादी में गए. चाचा खरंच लग्नाला गेले होते की माझ्यामुळे गेले होते, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही.

मग मास्तरांनी टॉवेलने तोंड पुसलं आणि म्हणाले, "सर बहुत भले आदमी हैं." एवढंच. वेळापत्रकाचा माणूस, जास्तीचं स्टेशन घेत नाही.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी मुलगी माझ्याशी बोलली नाही. शोधाचं बोलायचं नाही हा नियम होताच, पण ती कशाचंच बोलेना. ताटात मान घालून जेवायची आणि उठून जायची. बायकोने मला विचारलं, तुम्ही काही म्हणालात का तिला. मी म्हटलं, नाही. हे मात्र खरं होतं. तीच तर सगळी अडचण होती.

शनिवारी सभा भरली. मी लाल खुर्चीवर बसलो आणि झुकलो. समोर बेचाळीस मुलं, मागच्या ओळीत तिघं शिक्षक. माझ्या डोळ्यांसमोर दाराची भिंत, तिच्यावर तीन पानं आणि चौथ्याची जागा. मुलगी वही घेऊन स्टेजवर आली. तिने सुरुवात केली, दादा मूळचे भातकुली तालुक्यातले. बरोबर. दादांचा नाद, गोष्टी सांगणे, साक्षीदार आई आणि दोन मावश्या. हॉल हसला. बरोबर. दादा अकोल्याला गणित शिकवत होते. बरोबर.

"मोठ्या सरांनी कच्ची मुलं काढून टाकायला सांगितली, म्हणून दादांनी काम सोडलं," तिने वाचलं. "साक्षीदार, स्वतः मोठे सर."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

मग तिने वही खाली केली आणि तोंडाने सांगू लागली. तिने प्रश्न विचारला तेव्हा सर तिच्याकडे पाहत राहिले. मग विचारलं, तू त्यांची मुलगी का. ती हो म्हणाली. तेव्हा ते म्हणाले, हो बाळा, मी तसं म्हणालो होतो, चूक माझी होती, तुझे बाबा बरोबर होते. मग त्यांनी सगळ्यांना चिवडा दिला. देताना थोडा सांडला, तो त्यांनी स्वतः वाकून गोळा केला.

"मले त्याईचा राग आला होता," ती म्हणाली. शाळेत ती पुस्तकी मराठी बोलते, पण आता ते तिच्या ध्यानात राहिलं नव्हतं. "मंग राग राह्यलाच नाई. एकदाच विचारलं आन त्याईनं कबूल केलं. मी दोन दिवस तोच इचार करून राह्यले." तिने वही पुन्हा वर घेतली. "बाहेरचं एकच तोंड मिळालं. दुसरं तोंड दादांचं. दादा, बरोबर का चूक?"

सुटलो होतो मी. बावीस वर्षांची गोष्ट, आणि तिला खुद्द त्या माणसाने सही करून दिलेली. एक शब्द म्हटला की ती भिंतीवर लागणार, आणि भिंतीवर लागलेली गोष्ट आमच्या शाळेत खरी. मला फक्त त्या म्हाताऱ्याचा वाकून चिवडा गोळा करणारा हात मनातून काढायचा होता. तो निघेना. बेचाळीस मुलं, आणि मी फळ्याकडे तोंड करून उभा असल्यासारखा. कोणी मागून 'छप्पन' म्हटलं असतं तर फार बरं झालं असतं.

"चूक," मी म्हटलं.

"कोन्तं चूक?" मुलीने विचारलं. मी नियमाप्रमाणे गप्प. ती दोन पावलं जवळ आली. "बाबा, कोन्तं चूक?"

शाळेत तिने मला बाबा म्हणण्याची ती पहिली वेळ. मी म्हटलं, "सगळीच ओळ."

ती स्टेजच्या कडेला खाली बसली. समोरून एका मुलाने विचारलं, मग सर खोटं काहून बोलले. मोठ्या बाई मागून म्हणाल्या, ते त्यांनाच विचारावं लागेल, उद्या परत जा, आणि या वेळी दादांना सोबत न्या. चूक निघाली तर शिक्षकाला घेऊन परत जायचं, हाही नियमच आहे. तो वापरायची वेळ आमच्यापैकी कोणावर आली नव्हती. सभा उठल्यावर बाई माझ्याजवळ आल्या.

"मी तुम्हाला त्या गोष्टीवर घेतलं होतं."

मी होय म्हटलं. त्या म्हणाल्या, "सोमवारी बोलू."

रविवारच्या बसमध्ये मुलगी मास्तरांशेजारी बसली. मी मागे, टायरवरच्या सीटवर. मास्तर तिला प्रत्येक रेल्वे फाटकापाशी आत्ता कुठली गाडी गेली असेल ते सांगत होते आणि ती मन लावून ऐकत होती. एकदाही मागे वळली नाही. जिन्याच्या मधल्या वळणावर माझे पाय थांबले. मागे पाच मुलं आणि मास्तर होते, खाली पळायला जागाच नव्हती. दार मोठ्या सरांनी स्वतः उघडलं. मुलांना पाहून हसले, मग माझ्याकडे पाहिलं.

"आपण?"

त्यांनी मला ओळखलं नाही. मी नाव सांगितलं, वर्ष सांगितलं, नऊ दिवस सांगितले. ते डोळे बारीक करून आठवत राहिले, नाही आठवलं. गणिताला किती जण येऊन गेले, म्हणाले. मी विचारलं, मग गुरुवारी तुम्ही हो का म्हणालात.

"अहो, या वयात आपण कुणाला काय बोललो ते सगळं कुठे आठवतं. म्हटलं, बोललोही असेन." त्यांनी मुलीकडे पाहिलं. "आणि पोरगी बापाची बाजू घेऊन इतक्या लांबून आली होती. म्हटलं, राहू दे बाप खरा." मग माझ्याकडे वळले. "पण मग झालं काय होतं?"

म्हणजे ज्या फजितीसाठी मी एका भल्या माणसाला बावीस वर्षं प्रत्येक पंगतीत उभं केलं, ती त्या माणसाच्या लक्षातच नव्हती. मी आत्ताही गप्प राहिलो असतो तर सांगणारं कोणी नव्हतं. मुलगी वही उघडून बसली होती. मी सांगितलं. सात आठे, पाणी पिऊन येतो, कडी, दारावरची थाप. उभ्या खडूपाशी आलो तेव्हा सर हसले आणि म्हणाले, हे छान आहे. मी म्हटलं, तेच सगळ्यात खोटं आहे. मी माफी मागितली. त्यांनी हात हलवला, आणि चिवड्याचा डबा आणायला उठले. या वेळी ताटल्या मी धरल्या.

मुलगी मध्येच उठून खाली गेली होती. दहा मिनिटांनी वर आली, धापा टाकत. "झेरॉक्सवाले चाचा म्हनते, बरोबर. चप्पल बाहेर होती." आणि तिने ते लिहून घेतलं.

सोमवारी मोठ्या बाईंनी मला समोर बसवलं. हातात कोणाचं तरी घड्याळ उघडं होतं. सहा वर्षांपूर्वी राहिलेला दुसरा प्रश्न त्यांनी आत्ता विचारला. मग शिकवायला शिकलात कुठे? मी म्हटलं, त्यानंतर. घरी एकेक मूल घेऊन. दीडशेंसमोर उभं राहायची हिंमत नव्हती, म्हणून ज्याला कोणी घेत नाही असं एकच मूल समोर बसवायचो. पाढा अडला की ते घाबरायचं, मी त्याच्याहून जास्त घाबरायचो, म्हणून थांबायचो. बाईंनी घड्याळाचं झाकण लावलं. पालक विचारतील, म्हणाल्या, तेव्हा दाराशी तुम्हीच उभं राहायचं. मी उभा राहतो. आतापर्यंत दोन पालक परत गेले. एक आई मायेने हसून आत आली, ते जास्त लागलं.

चौथं पान आता भिंतीवर आहे. दादांनी अकोल्याला नऊ दिवस शिकवलं. सात आठे विसरले. पळाले. कडी लावून बसले. मोठ्या सरांबद्दल खोटं सांगितलं. साक्षीदार, दादा आणि झेरॉक्सवाले चाचा. अक्षर माझ्या मुलीचं, वळणदार, एकही खाडाखोड नाही. खाली तिने दोन ओळींची जागा सोडली आहे.

ती माझ्याशी बोलायला लागली तेव्हा, आठेक दिवसांनी, मी धीर करून म्हटलं, त्या जागेत ते एकेका मुलाला घरी शिकवायचो ते लिही ना. ती म्हणाली, त्याले साक्षीदार कोन. ती मुलं आता कुठे कुठे गेलीत, मी म्हटलं, पण तुझी आई आहे, तिने पाहिलंय.

"आई तं त्या खडूचीही साक्षीदार होती," ती म्हणाली आणि पेनाला टोपण लावलं.